सत्तावन्नावं तोंड

गुरुवार, १४ सप्टेंबर

उद्या चौकात बोलायचं आहे. सुरुवात अशी करीन:

"तिनझालाच्या आयांनो आणि बापांनो, हे तिसरं वर्ष. खजूर पिकायला लागला की आपली पोरं तापाने फणफणतात. मग टँकर येतो, गोळ्या येतात, फोटो काढणारा येतो. पोरं मरायला टेकली की सगळे धावत येतात. ती आजारी पडूच नयेत म्हणून आजवर कोण आलं?"

इथे थांबायचं. लोकांना मान हलवायला वेळ द्यायचा. मग मुळावर यायचं.

मला या सगळ्या तमाशाची शिसारी आली आहे. गेल्या वर्षी गावाला रुग्णवाहिका मिळाली तेव्हा मेंढा कापला होता. चाकांना रक्त लावलं, कुसकुसची ताटं उठवली, बायकांनी जिभा हलवत आनंदाच्या आरोळ्या दिल्या. कशाचा आनंद? तर आता आजारी पोर लवकर नेता येईल याचा. हात चाटत उठणाऱ्या त्या माणसांकडे बघून मी माझं ताट तसंच सरकवलं होतं. खरं म्हणजे ती रुग्णवाहिका मीच मिळवून दिली. बा सालेमचा नातू अल्लाल टायफॉईडने गेला, त्याच्या दफनाच्या वेळी मी जे बोललो ते जिल्ह्यापर्यंत पोहोचलं. अजून लोक त्यातली वाक्यं म्हणून दाखवतात. पण रुग्णवाहिका म्हणजे इलाज नव्हे. इलाज मुळाशी असतो.

आणि मूळ सगळ्यांच्या नाकासमोर आहे. खाली जुन्या क्सरमध्ये, त्या मातीच्या घरांत, अजून कोरडे संडास आहेत. माळ्यावर भोक, खाली राख आणि वाळू, वर्षाने तेच उपसून बागेत खत. तीस वर्षांपूर्वी याच चौकात मी म्हणालो होतो, "तुम्ही डोक्यावर घाण घेऊन झोपता." त्या एका वाक्याने वरच्या चढावर शिक्षकांची वस्ती उभी राहिली, फरशीच्या, पाणी ओतायच्या संडासांची. आमच्या वस्तीत या तीन वर्षांत एकही माणूस आजारी पडलेला नाही. स्वच्छतेचा याहून मोठा पुरावा काय हवा?

शुक्रवार, १५ सप्टेंबर

दुपारच्या नमाजानंतर बोललो. पाऊण तास. "मुळावर" हा शब्द उच्चारला आणि चौक एकदम उसळला. म्हाताऱ्यांनी माझ्या डोक्याचं चुंबन घेतलं.

ठराव झाला. २९ तारखेच्या शुक्रवारी तुइझा. गावातल्या प्रत्येक घरातून एक माणूस आणि एक फावडं. पूर्वी तुइझा फोग्गारा साफ करायला भरायची. डोंगराच्या पोटातलं पाणी ज्या भुयारातून आपल्यापर्यंत चालत येतं, त्याचा गाळ काढायला लोक आठ-आठ दिवस खपायचे. आता भुयार कुठे ढासळलं तरच जमतात, तेही कुरकुरत. मी ती रीत पुन्हा जिवंत केली, याचं मला समाधान आहे. त्या दिवशी क्सरमधले अकरा कोरडे संडास पाडायचे आणि त्यांच्या जागी शोषखड्डे खणायचे. पहिला बा सालेमचा, कारण त्याचं घर पाण्याच्या सगळ्यात जवळ.

फक्त बा सालेमने हात वर केला नाही. भुयारात उतरणारा तो गावातला शेवटचा माणूस, सत्तरी उलटलेली, गुडघ्यांना चामड्याचे तुकडे बांधून बसला होता. मी विचारलं तर म्हणाला, "मास्तर, राख वास मारते का?"

लोक हसले. मीही हसलो. अडाणीपणाला कधी कधी फार मजेशीर शब्द सुचतात.

सोमवार, १८ सप्टेंबर

बा सालेम घरी आला. माझी बायको मेबारका हिने चहा केला. त्याने पहिला पेला घेतला आणि जरा वेळाने तोंड वाकडं केलं. नळाचं पाणी ना, खारट लागतं. क्सरमधले लोक नळाच्या पाण्याला हात लावत नाहीत, फोग्गाराचंच पितात आणि त्याचा अभिमान बाळगतात. आम्ही नळाचं पितो. मुलगा यहया याने गाळणीचं यंत्र पाठवलं आहे.

मला वाटलं संडास वाचवायला वशिला लावायला आलाय. तो इकडचं तिकडचं बोलत राहिला. मग विचारलं, "मास्तर, तुमचा खड्डा कधी भरतो?"

मी सांगितलं की चौदा वर्षांत एकदाही भरला नाही. शेजारच्या मुख्याध्यापकांकडे दर सहा महिन्यांनी उपसायची गाडी येते, सगळी गल्ली नाक दाबून बसते. आमच्याकडे कधी बोलवावी लागली नाही. बांधताना गवंडी म्हणाला होता, मास्तर, तुम्ही नशीबवान. चार मीटर खणलं आणि पुढची जमीन आपोआप खाली गेली, मऊ वाळू, घमेलं सोडलं की आपलं आपण उतरत होतं. नशीब कसलं, जागेची निवड. मी बा सालेमला हे रंगवून सांगितलं.

त्याने दुसरा पेला घेतला नाही. आपल्याकडे तीन पेले झाल्याशिवाय कुणी उठत नाही, पण तो उठला. दारात म्हणाला, "बुलडोझर आला तेव्हा मी इथे नव्हतो."

काय म्हणायचं होतं त्याला, कळलं नाही. म्हातारा झालाय. मेबारका पेले उचलताना माझ्याकडे असं बघत होती जणू मी काही सांडलंय.

बुधवार, २० सप्टेंबर

आज पालिकेचा अध्यक्ष हाज कुइदर टँकर घेऊन आला. टँकरला हिरवी फीत. फीत कापली, टाळ्या झाल्या, एका आजारी पोराला उचलून फोटो काढला. पोर तापाने लाल, अध्यक्षाच्या कोटावर ओकलं. त्या अख्ख्या समारंभात तेवढीच एक गोष्ट खरी होती. अध्यक्षाने कोट पुसत मला सांगितलं की २९ तारखेला तोही येईल आणि पहिलं फावडं मारेल. किळसवाणा माणूस. पण येऊ दे, त्याच्याबरोबर वर्तमानपत्रवालाही येतो.

दवाखान्यातली नर्स दाविया मला बाजूला घेऊन गेली. पोरगी हुशार, माझ्याच हाताखाली शिकलेली, पण बोलताना डोळ्यांत डोळे घालून बोलते. म्हणाली, "सर, एकोणीस रोगी. एकोणीसही फोग्गाराचं पाणी पिणारे. त्यातल्या चौघांच्या घरी कोरडा संडास नाही. वरच्या वस्तीत कुणीच का नाही?"

मी म्हटलं, "कारण वरची वस्ती स्वच्छ आहे, बाळ."

"वरची वस्ती पाण्याच्या वर आहे, सर," ती म्हणाली.

आजकालच्या पोरांना नुसती आकडेमोड येते, विचार करायला कोण शिकवणार.

शनिवार, २३ सप्टेंबर

बा सालेमची नात खैरा आजारी. नऊ वर्षांची, गेल्या वर्षी गेलेल्या अल्लालची बहीण. ताप उतरत नाही, पोट फुगलंय. रुग्णवाहिकेतून नेली. आई बरोबर गेली. बा सालेम रस्त्यावर उभा होता, गाडी वळणाआड गेली तरी तिथेच.

मी त्याच्याजवळ गेलो. म्हटलं, "बा, आता तरी पटलं ना? एक नातू गेला, आता ही. तो संडास आधी पाडा, शुक्रवारची वाट बघू नका."

तो वळणाकडेच बघत राहिला. मग म्हणाला, "मागच्या वर्षी मातीच्या वेळी तुम्ही बोललात, ते मला सगळं पाठ आहे मास्तर."

मला बरं वाटलं. आणि आता लिहिताना वाटतंय की त्यात बरं वाटण्यासारखं काही नव्हतं. त्याने ते ज्या आवाजात म्हटलं, त्या आवाजात माणूस आभार मानत नाही.

रविवार, २४ सप्टेंबर

खैराचं आतडं फाटलं. ऑपरेशन केलं. जगेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत.

सोमवार, २५ सप्टेंबर

बा सालेम भुयारात उतरला. कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी दोर घेऊन गेला, दावियाला बोलावलं, आणि ती मला बोलवायला आली. वाळवंटात भुयाराच्या रेषेवर तोंडांची रांग आहे, हवेसाठी आणि उतरण्यासाठी खणलेली. प्रत्येक तोंडाभोवती मातीचं कडं. आमच्या वस्तीच्या वरच्या बाजूच्या एका तोंडातून तो आत गेला आणि पाण्यातून रांगत खाली आला.

वस्तीच्या खालच्या बाजूच्या तोंडातून त्याला वर ओढलं तेव्हा त्याच्या गुडघ्यांवर, कोपरांवर, दाढीवर काय होतं ते लिहीत नाही. लिहायची गरजही नाही, वास अजून माझ्या झग्याला आहे. तो बाजूला जाऊन वाकला आणि ओकला. पन्नास वर्षं त्या भुयारात काढलेला माणूस. मग वाळूने हात घासत बसला, घासतच राहिला. मी चार पावलं मागे सरकलो होतो. दाविया त्याच्याजवळ जाऊन बसली.

लोक जमले. काय दिसलं, सगळे विचारू लागले. तो म्हणाला, "वरून तोंडं मोजली. सत्तावन्न असायला हवीत तिथे छप्पन्न आहेत. एक कुणीतरी झाकलंय."

कोणतं, असं विचारलं तर त्याने कुणाकडेच बघितलं नाही. माझ्याकडे तर मुळीच नाही.

मी सगळ्यांसमोर बोललो. म्हणालो, ही जुनीच पळवाट आहे. दोष भुताखेतांच्या तोंडांवर ढकलायचा आणि आपला संडास वाचवायचा. लोकांनी मान हलवली. दाविया म्हणाली, "मग तपासू या सर. कपड्यांची नीळ आणते. वस्तीतल्या प्रत्येक घराच्या संडासात एकेक दिवस ओतू. खाली बागांचं पाणी वाटणाऱ्या दगडी फणीपाशी बघायचं."

वस्तीतले शिक्षक चिडले. अपमान आहे म्हणाले. मी हात वर केला. म्हटलं, पहिलं घर माझं. उद्या. म्हणजे कुणाला तोंड उघडायला नको.

टाळ्या पडल्या. बा सालेमने डोळे मिटले.

मंगळवार, २६ सप्टेंबर

पहाटेच्या नमाजानंतर दावियाने माझ्या न्हाणीघरातल्या संडासात दोन डबे नीळ ओतली. मेबारकाने पाठोपाठ बारा बादल्या पाणी. मी काठी घेतली आणि खाली निघालो, क्सरच्या तोंडाशी, जिथे भुयारातलं पाणी उजेडात येतं आणि दगडी फणीच्या दातांतून प्रत्येक बागेच्या वाट्याला वाटलं जातं. बा सालेम आधीच बसला होता. आणखी कुणी नव्हतं, दाविया दवाखान्यात गेलेली, बाकी सगळे खजुरात. त्याने मला बसायला आपली चटई सरकवली. मी त्याला कोरड्या संडासाबद्दल समजावत होतो. चांगलं समजावत होतो. सूर्य भिंतीवर आला.

पाणी निळं झालं.

हळूहळू नाही. फणीच्या पहिल्या दातात एक धागा आला, मग सगळे दात निळे. माझ्या बायकोच्या चादरींचा निळा. त्याच्यामागून आलेला पापुद्रा मी पाहिला, आणि तोही ओळखला.

एक मुलगी मडकं घेऊन आली. बा सालेम उठला, तिला म्हणाला, "आज नको गं. आज मास्तरांनी कपडे धुतलेत." ती हसली आणि परत गेली.

मग तो माझ्याकडे वळला. "मी कुणाला सांगणार नाही," म्हणाला. "दावियालाही सांगीन की काही दिसलं नाही. तुम्ही माझ्या पोराला लिहायला शिकवलंत. पण शुक्रवारच्या आधी तो खड्डा बुजवा."

मी विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"मागच्या सोमवारी चहा प्यायला आलो तेव्हापासून संशय. काल खात्री. अल्लालच्या वेळी माहीत असतं तर तुम्हाला तिथे बोलू दिलं असतं का मी?"

बुधवार, २७ सप्टेंबर

काल काही खाल्लं नाही. अन्न बघितलं की तो पापुद्रा दिसतो.

सगळं स्पष्ट लिहितो, निदान इथे तरी. मी रात्रभर नाही, पण सबंध दिवस हिशेब केला की गुपचूप कसं निभवता येईल. यहयाला फोन करून मिस्तरी बोलवायचा, न्हाणीघर दुरुस्तीचं निमित्त, खड्डा काँक्रीटने बंद, दुसरीकडे टाकी. दोन दिवसांत होईल. शुक्रवारी चौकात म्हणायचं की नव्या माहितीनुसार संडास पाडणं पुढे ढकलावं. लोक ऐकतील. माझं ऐकतातच. पुढच्या वर्षी कुणी आजारी पडलं नाही तर श्रेयही मलाच मिळेल. हे शेवटचं वाक्य मनात आलं तेव्हा मी आरशासमोर दाढी विंचरत होतो. फणी टाकून दिली.

पण भुयारात जे चौदा वर्षांचं साचलंय ते काँक्रीटने जाणार नाही. पहिली अकरा वर्षं त्या मऊ वाळूने घाण धरून ठेवली असावी, मग तीही फुटली. त्याला माणसं हवीत, दहा दिवस, उतरून उपसणारी. तुइझा हवी. आणि गावाला का उतरायचं ते सांगितल्याशिवाय गाव उतरणार नाही.

मेबारकाला विचारलं, तुला आठवतं का गवंड्याने खणलं ते? ती कांदा चिरत होती. म्हणाली, "अहो, मी दारात उभी राहून सांगितलं होतं. माझी आजी म्हणायची, तोंडापासून चाळीस पावलं सोडून चूल मांडा. इथे कडं होतं, बुलडोझरवाल्याने सपाट केलं, मी त्याला बघितलं होतं. तुम्ही मला तासभर अंधश्रद्धेवर भाषण दिलंत. गवंड्यालाही बसवून ऐकवलंत. तो मजुरीवर होता, त्याला काय."

"मग पुन्हा का नाही सांगितलंस?"

"तुम्ही थांबलात कुठे?"

माझ्या आयुष्यात मला गप्प करणारी एवढी छोटी वाक्यं कुणी बोललं नव्हतं. आणि ती चौदा वर्षं याच घरात होती.

खाली लोक वर्षानुवर्षं आपली घाण राखेत पुरत आले, पाण्याला कधी लागू दिली नाही. मी त्यांना लाज वाटायला लावली. माझ्या घाणीला मी पाणी दिलं, उतार दिला, आणि त्यांच्या मडक्यात पोहोचवली. वर स्वच्छतेचं पदक लावून फिरलो. एकोणीस पोरं. अल्लाल. त्याच्या थडग्यावर मी उभा होतो आणि म्हणत होतो, "याला कुणी मारलं?" लोक रडत होते. चांगलं वाक्य होतं ते.

माझ्या तोंडाची मला किळस येते. भुयाराच्या नव्हे, माझ्या.

गुरुवार, २८ सप्टेंबर

सकाळी दाविया आली. बा सालेमने तिला सांगितलं होतं की पाणी स्वच्छ आलं, पण तिने दगडी फणीच्या दातांत अडकलेली नीळ बघितली होती. बोटावर घेऊन आली होती. माझ्यासमोर बोट धरलं. मी म्हटलं, "उद्या सांगतो." ती म्हणाली, "आज पाणी बंद केलंय मी, सर. मडकी उलटी घातलीत सगळ्यांनी. का, ते विचारतायत."

खैरा शुद्धीवर आली आहे. पाणी मागते आणि देता येत नाही. आईने फोनवर बा सालेमला सांगितलं, बा सालेमने मला. त्याने फोन केला याचंच मला नवल वाटलं.

दुपारभर भाषण लिहिलं. चार पानं झाली. त्यात जुनी तुइझा होती, पूर्वजांचं शहाणपण होतं, बुलडोझरवाल्यावर एक परिच्छेद, हाज कुइदरवर दोन. गवंड्याचाही उल्लेख होता. माझं नाव तिसऱ्या पानावर, एका लांब वाक्याच्या शेवटी. मेबारकाला वाचून दाखवलं. तिने ऐकलं. मग न्हाणीघरात गेली, तिथल्या शेल्फवरचं सगळं सामान बाहेर आणून अंगणात ठेवलं, साबण, तांब्या, आरसा, टॉवेल. आणि कोपऱ्यातलं फावडं उचलून न्हाणीघराच्या दारात उभं करून ठेवलं.

चारही पानं फाडली. उद्या कुणी टाळ्या वाजवू नयेत एवढंच मनात आहे. अध्यक्षाच्या वर्तमानपत्रवाल्याने फोटो काढला तर काढू दे. एवढंच बोलणार:

"तिनझालाच्या आयांनो आणि बापांनो, तीन वर्षं आपली पोरं माझ्या संडासाचं पाणी प्यायली. फोग्गाराचं सत्तावन्नावं तोंड माझ्या न्हाणीघराच्या फरशीखाली आहे, आणि चौदा वर्षं मी त्यात हगलो. अल्लालला त्याने मारलं. बा सालेमच्या घराकडे कुणी पाऊल टाकायचं नाही. तुमची फावडी उचला आणि आत्ता, या घटकेला, माझ्या घरी चला. ती फरशी फोडा."